खाट नंबर नऊ, उखर्डू पाटील

"काढू का खरंच?" फारुखने दुसऱ्यांदा विचारलं. वस्तरा सुपडूच्या मिशीला टेकलेला होता.

"काढ," उखर्डू म्हणाला.

मिशी सुपडूची होती आणि परवानगी उखर्डूने दिली. खुर्चीतल्या सुपडूने डोळे तेवढे मिटून घेतले. उखर्डूच्या हातात प्लास्टिकमध्ये घातलेलं, फुकट उपचाराच्या सरकारी योजनेचं कार्ड होतं. ते सुपडूच्या कानापाशी धरून तो आरशात पाहत होता. आरशात तीन तोंडं होती: उखर्डूचं, त्याच्या धाकट्या भावाचं, आणि कार्डावरच्या फोटोतल्या उखर्डूचं. धाकट्या भावाचं तोंड फोटोसारखं व्हायचं होतं, आणि त्यासाठी मंगळवार सकाळपर्यंतचा वेळ होता.

"बाप गेल्यावर काढतात अशी, भाऊ," फारुख म्हणाला. "कोन गेलं?"

"कोनी गेलं न्ही. कोनी जाऊ नये म्हनून काढून राहिलो."

फारुखने मिशी काढली. मग दोन पावलं मागे सरून त्याने डोळे बारीक केले आणि फोटोकडे पाहिलं.

"कान मोठे आहेत फोटोत."

"कान कोन पाहतं?"

"सरकार काय पाहील, भरोसा नाही, भाऊ."

नशिराबादच्या हायवेला लागून असलेल्या आपल्या दुकानात जे बोललं जातं ते केसांबरोबर झाडून टाकतो, असं फारुखने जाता जाता सांगितलं. ते खरंही होतं. फक्त त्याने झाडलेली गोष्ट दिवस मावळायच्या आत भुसावळला पोचते, असा लोकांचा अनुभव होता.

दोघा भावांची नावं त्यांच्या आईने भीतीपोटी ठेवली होती. आधीची तीन लेकरं तिच्या हातातून गेली. मग चौथं झालं तेव्हा सुइणीने त्याला उकिरड्यावर लोळवून आणलं आणि नाव ठेवलं उखर्डू. पाचवं झालं तेव्हा त्याला सुपात घालून शेजारणीला दिलं आणि दुसऱ्या दिवशी पायलीभर ज्वारी देऊन परत आणलं. तो सुपडू. मरण येतं ते नाव विचारत येतं, आणि असलं टाकाऊ नाव ऐकलं की हे लेकरू कोणाला नको आहे असं समजून परत जातं, असा आईचा हिशेब. दोन्ही लेकरं साठी ओलांडून गेली तेव्हा हिशेब बरोबरच म्हणायचा. आई यमाला फसवू शकली, तर आपण एका कार्डाला फसवायला काय हरकत आहे, असं उखर्डू गेले आठ दिवस स्वतःला सांगत होता. पण यमाकडे कॉम्प्युटर नव्हता.

सुपडूचं स्वतःचं कार्ड नव्हतं; ते रेशनकार्डावर नाव असेल त्यालाच मिळे. अठ्ठावीस वर्षं तो सुरतेला मागावर होता. माणसं मोजायला कोणी गावात आलं तेव्हा त्याच्या दाराला कुलूप होतं, म्हणून गावच्या रेशनकार्डावरून त्याचं नाव कमी झालं. मागाचा कारखाना बंद पडून तो गावी परतला, तेव्हा सुरतेच्या कार्डावरूनही कमी झालं. नवा अर्ज केला त्याला चौदा महिने झाले होते. चौकशी चालू आहे, असं दर वेळी कळायचं. मधल्या काळात सुपडूला ओट्यावरून हापशापर्यंत जाताना दोनदा बसावं लागू लागलं. जळगावच्या डॉक्टरने तीन नळ्या तुंबल्याचं सांगितलं, छाती उघडावी लागेल म्हणाला, आणि महिन्याच्या आत, असंही म्हणाला. खाजगीत किती लागतील ते ऐकून सुपडू हसला, आणि हसताना त्याला धाप लागली.

उखर्डूच्या कार्डावर दोन नावं होती. एक त्याचं आणि एक त्याच्या बायकोचं, ज्योतीबाईचं. ज्योतीबाईला जाऊन सहा वर्षं झाली होती. जिवंत माणसाचं नाव कमी करायला तलाठ्याला एक कुलूप पुरलं. मेलेल्या बाईचं नाव कमी करायला मात्र सतरा कागद लागत होते, म्हणून ते राहून गेलं. आता ते कामी येणार होतं. सुपडू उखर्डू होणार होता, आणि सुपडूची बायको कुंदाबाई ज्योतीबाई होणार होती.

जळगावात ओळखीचे फार, म्हणून त्यांनी धुळ्याचा एक ट्रस्टचा दवाखाना धरला. एसटीत उखर्डूने शिकवणी घेतली.

"नाव काय?"

"सुप... उखर्डू."

"पुन्हा."

"उखर्डू चिंधू पाटील."

"आता मले हाक मार."

"भाऊ."

"भाऊ तू. मी धाकटा. सुपड्या म्हन."

सुपडू खिडकीबाहेर पाहू लागला. एरंडोल गेलं. जन्मात त्याने थोरल्या भावाला नावाने हाक मारली नव्हती, आणि आता स्वतःच्याच नावाने मारायची होती.

"सुपड्या," तो शेवटी म्हणाला आणि लगेच हात जोडून कपाळाला लावले.

पारोळ्याला चहा घेताना सुपडूने विचारलं, "भाऊ, तठी टेबलावर मेलो तर?"

"तर मी मेलो," उखर्डू म्हणाला.

यात गंमत होती, पण दोघांपैकी कोणी हसलं नाही. उखर्डूने हे सगळं आधीच मनात फिरवून पाहिलं होतं. दाखल्यावर उखर्डू मेला की केळीची बाग कोणाची, सातबारा कोणाचा, आणि ओट्यावर बसून बिडी ओढणारा म्हातारा कोण. शिवाय सुपडू मेला हे कोणाला सांगताच येणार नव्हतं. तो जिवंत असल्याचा तरी कुठे कागद होता?

दवाखान्यात योजनेच्या खिडकीत पियुष नावाचा मुलगा बसलेला होता. तो प्रेमळ होता, आणि उखर्डूला त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटली. त्याने सुपडूचा अंगठा मशीनवर ठेवला. मशीनने नकार दिला. दुसरा अंगठा ठेवला, मशीनने पुन्हा नकार दिला. उखर्डूच्या मानेवरून घामाचा थेंब सदऱ्यात उतरला.

"काका, काय काम करता?" पियुषने विचारलं.

"माग..." सुपडू म्हणाला.

"मागे होती बरीच कामं," उखर्डू घाईने म्हणाला. "आता केळी."

"शेतकऱ्यांच्या अंगठ्याला रेषाच नसतात," पियुष हळहळला. "थांबा, ओटीपी पाठवतो."

ओटीपी उखर्डूच्या खिशात वाजला. पियुषने फोटोकडे पाहिलं, सुपडूकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तब्येत उतरली फार, काका." मग शिक्का मारला.

खाट नंबर नऊ मिळाली. दहा नंबरवर पाचोऱ्याचे प्रेमराजशेठ होते. कापडाचं दुकान, बोटात पुष्कराजाची अंगठी, आणि तेच ऑपरेशन, त्याच योजनेतून. दिवसभर पडून राहायची सवय नसल्यामुळे त्यांना विचार सुचत.

"फुकट मिळालं की माणूस बिघडतो," ते छताकडे पाहून म्हणाले. "सरकारने द्यावं, नाही असं नाही. पण गरजवंताला. आणि गरजवंत कोण, हे घरोघर जाऊन तपासावं. आज हा वॉर्ड तपासला ना, तर अर्धे उठून पळतील."

नऊ नंबरच्या खाटेवर कोणी हललं नाही.

कुंदाबाई सुपडूचे पाय चेपत होती. तिचं माहेर धुळ्याकडचं, आणि धुळ्याची हवा लागताच तिला माहेरची बोली फुटली होती.

"मराले कोन्ही कार्ड मांगत नही, दादा," ती म्हणाली. "जगाले मातर बठ्ठा कागद लागतस."

"तसं नाही, बाई. शेवटी पैसा टॅक्स भरणाऱ्याचा."

"तुम्ही भरतस का?"

"भरतो म्हणजे, दुकान मुलाच्या नावावर आहे."

"मंग तुम्ही?"

"मी गरीब आहे," प्रेमराजशेठ म्हणाले आणि अंगठी असलेला हात चादरीखाली घेतला.

तेवढ्यात उखर्डू थर्मासमध्ये चहा घेऊन आत आला. कुंदाबाई ताडकन उठली. पदर कपाळाखाली ओढून ती खाटेच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. जेठ, म्हणजे थोरला दीर, खोलीत आला की असंच करायचं, हे तिने पस्तीस वर्षं केलं होतं. तिच्या पायांना कार्डावरची नाती माहीत नव्हती.

प्रेमराजशेठ कोपरावर उठून बसले.

"हे तुमचे धाकटे दीर ना?"

कुंदाबाईने भिंतीकडे तोंड ठेवूनच मान हलवली.

"धाकट्या दिरासमोर पदर?" शेठनी विचारलं. "आमच्याकडे जेठासमोर घेतात."

"त्यांच्या माहेरी रीत आहे तशी," उखर्डू म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"असेल. खानदेश मोठा आहे."

पण त्या दुपारभर प्रेमराजशेठनी छताकडे पाहिलं नाही. ते नऊ नंबरकडे पाहत राहिले. नर्स आली तरी उखर्डूला पोलिस आल्यासारखं वाटे, आणि सफाईवाल्याने बादली ठेवली तरी तो उभा राही. संध्याकाळी शेठनी त्याला बोट दाखवून जवळ बोलावलं.

"भाऊ तुमचा थोरला ना?"

"हो."

"दिसत नाही."

"दुखण्याने लहान दिसतो."

शेठनी बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "माझ्या कार्डावर वर्षाचं उत्पन्न एकोणतीस हजार आहे," ते हळूच म्हणाले. "चहा उरला असेल तर द्या घोटभर."

त्यानंतर दोन्ही खाटांवर शांतता नांदली.

ऑपरेशन गुरुवारी अकराला ठरलं. त्या दिवशी सकाळी साडेआठला सुपडूला छातीवरचे केस काढायला पलीकडच्या खोलीत नेलं. कुंदाबाई त्याचे कपडे धरून दाराशी थांबली. उखर्डू खाटेच्या कडेला टेकला. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. त्याच्याच नावाचा माणूस उपाशी असताना खाणं त्याला बरं वाटेना.

चाकांचा आवाज करत एक मुलगी यंत्र ओढत आली. गळ्यातल्या पट्टीवर 'भूमिका' लिहिलेलं होतं. तिने हातातल्या कागदावर पाहिलं.

"उखर्डू पाटील?"

"हां," उखर्डू म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं. एसटीत बसल्यापासून त्याने सुपडूकडून या नावाला हां म्हणायचं घोटून घेतलं होतं. स्वतः हां न म्हणायचं घोटायचं राहून गेलं होतं.

"झोपा, आबा. शर्ट काढा. पट्टी काढायची आहे हृदयाची, ऑपरेशनच्या आधी लागते."

"मी..." उखर्डू म्हणाला आणि थांबला. मी उखर्डू नाही, असं म्हणायचं तर उखर्डू कुठे आहे ते सांगावं लागेल. मग दोघांना शेजारी उभं करतील. मग कार्ड मागतील. दहा नंबरवर प्रेमराजशेठ डोळे गच्च मिटून पडले होते. झोपलेला माणूस इतके गच्च मिटत नाही.

उखर्डूने सदरा काढला आणि झोपला.

"केस नाही काढले अजून?" भूमिकाने विचारलं.

"आता काढतील."

तिने फाईल उघडून फोटो पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं. "फोटो छान आलाय तुमचा. हुबेहूब," ती म्हणाली. या दवाखान्यात फोटो जुळला तो एवढा एकदाच.

गार जेल लावून तिने छातीवर, मनगटांवर, घोट्यांवर वायरी चिकटवल्या. यंत्रातून गुलाबी चौकटींचा कागद सरकत बाहेर येऊ लागला. भूमिका तो बोटांवर घेत होती, आणि घेता घेता तिची बोटं थांबली. तिने वायरी पुन्हा दाबल्या. दुसरी पट्टी काढली. मग काही न बोलता ती गेली आणि एका तरुण डॉक्टरला घेऊन आली. त्याची दाढी तीन दिवसांची होती आणि झोप त्याहून जुनी.

"काका, छातीत दुखतंय?"

"नाही."

"डावा हात? खांदा? जबडा?"

"खांदा दुखतो," उखर्डू म्हणाला. "केळीचे घड वाहतो ना. त्याने भरून येतो."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. चढ चढलो की जास्त. बसलो की जातो."

"घाम?"

"घाम तर इथे आल्यापासून आहे."

डॉक्टरने कागद खिडकीच्या उजेडात धरला. तो हळूच भूमिकाला म्हणाला, पण वॉर्डातलं हळू बोलणं पेशंटला नेहमीच ऐकू येतं. "परवाच्या पट्टीत हे नव्हतं. हा नवीन भाग गेलाय. पुढचा झटका कधीही येईल." मग तो उखर्डूकडे वाकला. "काका, हलायचं नाही. उठायचं नाही, पाण्यालासुद्धा नाही. मी मोठ्या डॉक्टरांना घेऊन येतो."

दोघं गेले. उखर्डू हलला नाही. छतावर पंखा होता, त्याच्या एका पात्याला कोळिष्टक लागलेलं होतं आणि तेही पात्याबरोबर गोल फिरत होतं. उखर्डूने डाव्या खांद्यावर उजवा हात ठेवला, जसा अनोळखी माणसाच्या खांद्यावर आपण ठेवतो.

दार वाजलं. सुपडू हिरव्या झग्यात आला, मागे कुंदाबाई. सुपडूची छाती भाजून सोललेल्या वांग्यासारखी दिसत होती.

"भाऊ, तू कसाले झोपला?"

उखर्डू उठला. खाट सुपडूची होती.

"कंबर टेकली जरा," तो सदरा चढवत म्हणाला. "ये, पड. मोठे डॉक्टर येऊन राहिले. हलू नको म्हने."

"काय व्हयनं, भाऊ?" कुंदाबाईने पदराआडून विचारलं.

"काही न्ही. पुन्हा पट्टी काढतील. एवढंच."

मोठे डॉक्टर आले ते भरभर चालत, मागे तरुण डॉक्टर आणि यंत्र ओढणारी भूमिका. खाटेवर सुपडू होता. खाटेवर असेल तो पेशंट, ही दवाखान्याची शिस्त. वायरी पुन्हा चिकटल्या, पट्टी पुन्हा निघाली. मोठ्या डॉक्टरांनी ती परवाच्या पट्टीशेजारी धरली.

"सेमच आहे. काय नवीन आहे यात?"

तरुण डॉक्टरने पहिली पट्टी पुढे केली.

"ही या पेशंटची?"

"हो सर. आत्ताच काढली."

"दहा मिनिटांत हृदय बदलतं का? वायरी उलट्या लावल्या असतील." त्यांनी भूमिकाकडे पाहिलं. "लक्ष कुठे असतं तुमचं? या कागदावर आम्ही एखाद्याचं ऑपरेशन रद्द केलं असतं. टाका ती कचऱ्यात."

भूमिकाने सुपडूच्या गुळगुळीत छातीकडे पाहिलं. मग खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या उखर्डूकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्याची बटणं एक घर सोडून लागली होती आणि गळ्याशी जेल चमकत होतं. तिचं तोंड उघडलं.

उखर्डूने हात जोडले नाहीत. डोळेही वर केले नाहीत. त्याने फक्त सुपडूच्या पायावरची चादर नीट केली, आणि ती नीट झाल्यावरही करत राहिला.

"सॉरी सर," भूमिका म्हणाली.

"काका, वाचलात," तरुण डॉक्टर सुपडूच्या दंडावर थोपटून म्हणाला. "मशीनची चूक. घाबरवलं आम्ही तुम्हाला."

"मी कुठी घाबरलो?" सुपडू म्हणाला. त्याला खरोखरच काही माहीत नव्हतं.

पावणेअकराला पियुष मोबाईल घेऊन आला. ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटचा फोटो योजनेला पाठवावा लागे. त्याने सुपडूला सरळ बसवलं, टिपलं, आणि उखर्डूला खुशीने म्हणाला, "झालं. तुमच्या भावाचं नाव चढलं सिस्टीमला. आता चिंता नाही."

"हे ऑपरेशन," उखर्डूने विचारलं, "एका नावावर किती वेळा होतं?"

पियुष हसला. "एकदाच, काका. आयुष्यात किती वेळा करायचंय?"

"नाही, सहज विचारलं."

दोन माणसं ट्रॉली घेऊन आली. एकाने कागद वाचला. "उखर्डू पाटील?"

उखर्डूने दात दातावर दाबून धरले.

"हां," सुपडू म्हणाला. या वेळी अजिबात न अडखळता. ट्रॉलीवर आडवा झाल्यावर त्याने मान वळवून थोरल्या भावाला शोधलं. "येतो, सुपड्या," तो म्हणाला, आणि भीतीने पांढऱ्या पडलेल्या त्याच्या तोंडावर मिशीच्या जागी थोडं हसू आलं. उखर्डूने त्याच्या कपाळावर हात ठेवला. मरण नाव विचारत येतं म्हणतात. वर जाऊन कोणाचं विचारेल, ते दोघांनाही माहीत होतं, आणि त्या नावाचा एक माणूस खाली राहणार होता.

ट्रॉली लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर गेली. कुंदाबाई तिच्याबरोबर गेली. प्रेमराजशेठनी कूस बदलली आणि डोळे उघडले. "एकदाच म्हणाला ना तो पोरगा?" त्यांनी विचारलं.

"हो."

शेठ अंगठी बोटात गोल फिरवत राहिले.

उखर्डू थर्मास, सुपडूच्या चपला आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन पॅसेजमध्ये आला. पाण्याच्या मशीनपाशी भूमिका उभी होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून घडी केलेला गुलाबी कागद काढला.

"आबा, ही टाकून द्यायला सांगितलीय."

उखर्डू कागदाकडे पाहत राहिला.

"तुमची आहे," ती म्हणाली. "मी वायरी बरोबर लावल्या होत्या. मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्ही हे आजच दाखवा. उद्या नाही, आज."

"कोनाच्या नावावर दाखवू, बाई?"

"म्हणजे? तुमच्या."

उखर्डूने वर, छताकडे पाहिलं. "ते वर गेलं आताच."

भूमिकानेही वर पाहिलं. मग तिला काहीतरी सुचलं. "मग भावाच्या नावावर?"

"त्याच्या नावावर काही असतं तर..." उखर्डूने वाक्य सोडून दिलं. तिच्या हातातून कागद घेतला आणि सदऱ्याच्या खिशात, कार्डाला चिकटून ठेवला. "तुम्हाला बोलनं बसलं माझ्यापायी."

"ते रोज बसतं," भूमिका म्हणाली. तिच्या खिशातला फोन वाजला, कुठल्या तरी खाटेवरून तिला हाक आली, आणि ती मागे पाहत पाहत गेली.

लिफ्टपाशी स्टुलावर एक म्हातारा बसलेला होता. लोखंडी दारावर त्याने एक पाय आडवा टाकला होता.

"लिफ्ट पेशंटसाठी शे, नाना. तुम्ही पेशंट शेतस का?"

उखर्डूने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं. प्रश्न सोपा होता, आणि विचारणाऱ्याचा आवाजही चांगला होता. हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने कदाचित पाय काढूनही घेतला असता. मग वर कोणीतरी विचारलं असतं, कोणता पेशंट, कागद दाखवा.

"न्ही," तो म्हणाला. "पेशंटचा भाऊ."

"मंग जिना तिकडे शे."

वर तिसऱ्या मजल्यावर कुंदाबाई एकटी बसलेली असेल. कोणी ज्योतीबाई म्हणून हाक मारली तर तिच्या लक्षात येणार नाही. उखर्डू जिन्याकडे वळला. एका हातात चपला आणि गाठोडं, दुसऱ्यात थर्मास. दहा पायऱ्यांनंतर त्याने थर्मास काखेत घेतला आणि कठडा धरला. पहिल्या वळणावर त्याच्या डाव्या खांद्यात ओळखीचं काहीतरी जागं झालं. आज सकाळपासून त्याला त्या दुखण्याचं नाव माहीत होतं.

तो आणखी सात पायऱ्या चढला. मग, खालून कोणी घाईत येत असावं आणि आपण त्याला वाट द्यावी, तसा भिंतीला पाठ लावून अंग चोरून उभा राहिला.

खालून कोणी येत नव्हतं.